एक्स्चेंजमधल्या बाई आणि दहा दारांची पेटी

यंदा उन्हाळ्यात आमच्या घराचे नूतनीकरण काढले. भिंतींत झिऱ्या मारून झाल्या होत्या, नवे पाइप बसले होते आणि सोमवारी गिलाव्याची माणसे येणार होती. शनिवारी संध्याकाळी वायरमन दादा मला म्हणाले, "काकू, इंटरनेटच्या वायरी कुठे कुठे ओढायच्या ते उद्यापर्यंत सांगा. एकदा भिंत बुजली की पुन्हा फोडायची नाही."

आमच्या घरात अशा प्रश्नांना उत्तर देण्याचे काम नातवाकडे असते. तो वही-पेन्सिल घेऊन आला. "आजी, तुझ्या खोलीत पॉइंट हवाय का?" मी म्हटले, "मला कशाला रे? वायफाय आहे की!" त्याने माझ्या खोलीवर फुली मारली आणि पुढे गेला. एक स्विच लागेल, तो कोणता घ्यायचा यावर त्याचे आणि त्याच्या बाबांचे बोलणे चालू झाले. स्विच म्हणजे मला दिव्याचे बटण ठाऊक. हा स्विच म्हणजे वेगळेच प्रकरण. घरातल्या सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती पेटी.

चौतीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. कोणतीही वस्तू समोर आली की ती कुठून आली हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. शनिवारची रात्र आणि रविवार त्यातच गेला. आणि रविवारी संध्याकाळी मी नातवाला वही परत आणायला लावून माझ्या खोलीवरची फुली खोडायला सांगितली. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात टेलिफोनपासून करावी लागेल. ग्रॅहॅम बेलने टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळवले. सुरुवातीला दोन टेलिफोन म्हणजे त्यांच्यामधली एक तार. पण पाच जणांना एकमेकांशी बोलायचे तर दहा तारा लागतात, शंभर जणांना चार हजार नऊशे पन्नास. (हे गणित कुणालाही करून पाहता येईल.) गावभर तारांचे जाळे होऊन आभाळ दिसेनासे व्हायचे. त्यावर उपाय असा निघाला की प्रत्येकाची एकच तार एका मध्यवर्ती जागी न्यायची आणि तिथे बसलेल्या माणसाने हव्या त्या दोन तारा जोडून द्यायच्या. असे पहिले व्यापारी एक्स्चेंज २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन येथे सुरू झाले. ग्राहक होते एकवीस. चारच वर्षांनी, १८८२ च्या जानेवारीत, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे एक्स्चेंजे सुरू झाली. म्हणजे आपण या बाबतीत फार मागे नव्हतो.

तारा जोडून देण्याचे काम आधी तरुण पोरांकडे होते. ती पोरे तारखात्यातून आलेली, ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, मस्करी करत. म्हणून १८७८ च्या सप्टेंबरात बॉस्टनमध्ये एमा नट या तरुणीला नेमले. ती जगातली पहिली स्त्री टेलिफोन ऑपरेटर मानली जाते. पुढे हे काम जगभर बायकांचेच होऊन गेले. पांढरपेशा घरातल्या मुलींना शिक्षिका आणि परिचारिका यांखेरीज जी थोडी दारे उघडली त्यांतले हे एक मोठे दार. शाळेच्या पाठ्यपुस्तकात याचा उल्लेख मी कधी पाहिला नाही, असो.

आता स्विचच्या खऱ्या जन्माची गोष्ट. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्राउजर नावाचे एक गृहस्थ होते. व्यवसाय, अंत्यविधीची व्यवस्था करणे. सांगतात असे, की गावात त्यांचा एक प्रतिस्पर्धी होता आणि त्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कुणाच्या घरी मयत झाले आणि त्यांनी स्ट्राउजरना फोन मागितला की ती बाई तो आपल्या नवऱ्याकडे जोडून द्यायची! गोष्टीत तिखटमीठ किती आणि खरे किती हे सोडून देऊ. पण मधल्या माणसावर विश्वास ठेवावा लागू नये, या हट्टाने स्ट्राउजर यांनी आपोआप तार जोडणारे यंत्र तयार केले हे खरे. १८८९ साली त्यांनी पेटंटचा अर्ज केला, १८९१ च्या मार्चमध्ये ते मंजूर झाले आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या गावी असे पहिले एक्स्चेंज सुरू झाले.

या यंत्राच्या पुढे रूढ झालेल्या रूपात एक दांडी असे. ती आधी एक एक पायरी वर चढे आणि मग आडवी फिरे. दहा मजले, दर मजल्यावर दहा खुंट्या, म्हणजे शंभर जागा. आपण डायल फिरवून ४ आणि ७ लावले की दांडी चौथ्या मजल्यावर जाऊन सातव्या खुंटीला टेकायची. माझ्या वयाच्या वाचकांना जुना काळा फोन आठवत असेल. डायल सोडल्यावर तो टकटक करत परत यायचा, ती टकटक म्हणजे दूरच्या एक्स्चेंजमधल्या त्या दांडीला दिलेली आज्ञा होती. भारतातले पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ च्या सुमारास शिमल्याला बसले. गोऱ्या साहेबांच्या उन्हाळी राजधानीला ते आधी मिळावे, यात नवल नाही.

पण हे सारे एका गावापुरते. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल, आणि ट्रंक कॉल म्हणजे ऑपरेटरबाई. नंबर फिरवून थेट परगावी बोलण्याची सोय, एस.टी.डी., आपल्याकडे प्रथम १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यात झाली. लहान गावांपर्यंत ती पोहोचायला पुढे पंचवीस-तीस वर्षे लागली.

इथे एक घरगुती गोष्ट सांगते. १९७७ साल. मी तेव्हा चिपळूणला नोकरीला होते, माहेर सोलापूरला. श्रावणातल्या एका दुपारी शाळेत तार आली, वडील अत्यवस्थ, ताबडतोब नीघ. मोठ्या भावाने केलेली तार. पण तार किती वाजता केली, त्यानंतर काय झाले, काही कळायला मार्ग नव्हता. आणि घाटात दरड आल्याची बातमी होती. वाहतूक रात्री सुरू होईल की सकाळी, कुणी सांगेना. बरोबरच्या बाई म्हणाल्या, सकाळी जा, रात्रीची एकटी घाटात अडकलीस तर काय करशील. मी पोस्टात जाऊन सोलापूरला आमच्या घरासमोरच्या डॉक्टरांच्या नंबरावर ट्रंक कॉल लावला. त्या काळी कॉलचे वर्ग असत, साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. जितके पैसे जास्त तितका नंबर आधी. माझ्या पाकिटात अर्जंटपुरतेच पैसे होते.

पाच वाजले, सहा वाजले. लाइन मिळेना. मी बाकावर बसून होते. साडेसहाला खिडकीवरच्या माणसाने मला आत बोलावून रिसीव्हर हातात दिला. पलीकडून एक्स्चेंजमधल्या बाई बोलत होत्या. त्यांनी विचारले, "ताई, कॉल कशासाठी आहे?" मी सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फोन ठेवू नका. पुण्याकडून होत नाहीये, मी दुसरीकडून बघते." आणि मग मी ऐकत राहिले. त्या एका गावाच्या ऑपरेटरला विचारत होत्या, ती दुसऱ्या गावाला. "अगं, घरचा माणूस जातोय, दे ना मध्ये." हे वाक्य मी दोनदा ऐकले. आठ-दहा मिनिटांनी खरखरीतून डॉक्टरांचा आवाज आला. त्यांनी आईला बोलावून आणले. आई एवढेच म्हणाली, "शुद्धीवर आहेत. तुझी वाट बघतायत. आत्ता नीघ." तीन मिनिटे केव्हाच होऊन गेली होती. लाइन तोडली नाही.

मी रात्रीच निघाले. घाट दहा वाजता मोकळा झाला. कऱ्हाडला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी सोलापूरला पोहोचले. वडील मला ओळखून हसले. पुढचा एक दिवस मिळाला, तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. सकाळच्या गाडीची वाट बघितली असती तर त्या एका दिवसातला अर्धा मी गमावला असता. त्या बाईंचे नाव मला आजही ठाऊक नाही.

स्ट्राउजर यांना ऑपरेटरने लबाडी केल्याचा राग होता. मला ऑपरेटरने नियम वाकवल्याचे ऋण आहे. मधला माणूस काढून टाकला की दोन्ही जातात, हे मला त्या रविवारी स्विचविषयी वाचताना प्रथमच स्वच्छ दिसले.

आता संगणकांकडे वळू. १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ नावाचा तरुण काम करत होता. इमारतीतले संगणक एकमेकांना आणि नव्या लेझर प्रिंटरला जोडायचे होते. २२ मे १९७३ रोजी त्याने एक टिपण लिहिले आणि त्यात आपल्या जोडणीला इथरनेट असे नाव दिले. हे नाव मोठे गमतीचे आहे. प्रकाश ज्यातून वाहतो असा 'ईथर' नावाचा अदृश्य पदार्थ विश्वभर पसरला आहे, असे एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांच्या प्रयोगाने त्या कल्पनेला मोठा धक्का बसला आणि पुढे ती बाद झाली. बाद झालेला ईथर मेटकाफने संगणकाच्या तारेत पुन्हा जिवंत केला. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्यासह त्याने ते जाळे प्रत्यक्ष उभे केले.

त्याची कल्पना हवाई बेटांवरून आली होती. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी १९७१ साली बेटाबेटांवरची यंत्रे रेडिओने जोडली होती. सगळे एकाच आकाशात बोलणार, दोघे एकदम बोलले की शब्द एकमेकांवर आपटणार, मग दोघांनी थांबून पुन्हा बोलायचे. मेटकाफने आकाशाच्या जागी एक जाड तार घातली. सगळी यंत्रे त्या एकाच तारेवर. बोलण्याआधी ऐकायचे, दुसरा बोलत असेल तर थांबायचे, तरीही आवाज आपटलाच तर दोघांनी गप्प होऊन मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा सुरुवात करायची. पुन्हा आपटला तर थांबण्याची मर्यादा दुप्पट करायची. ज्यांनी पाचवीच्या वर्गावर तास घेतला आहे त्यांना ही पद्धत निराळी समजावून सांगायला नको! मुले शहाणी असतील तर दहा-बारा जणांत ती उत्तम चालते. साठ जणांचा वर्ग असेल तर सगळा तास थांबण्यातच जातो.

या पद्धतीचा दुसरा गुणदोष असा, की एकाने बोललेले सगळ्यांना ऐकू जाते. ज्याच्यासाठी नाही त्याने कान बंद ठेवायचे, एवढाच शिष्टाचार. शिवाय तार एक. पुढे आलेल्या पातळ तारेच्या जोडणीत एक जोड सैल झाला की सगळी ओळ बंद. जुन्या दिव्यांच्या माळेतला एक दिवा गेला की माळ विझायची तसे.

यातून सुटका करणारी गोष्ट नवी नव्हती, तीही बेलसाहेबांचीच. १८८१ साली त्याने एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांचे पेटंट घेतले होते. बाहेरून येणारा उपद्रव पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि फरक मोजणाऱ्या यंत्राला तो जाणवत नाही. अशा तारा टेलिफोनसाठी कार्यालयांच्या भिंतींत आधीपासून होत्याच. मग संगणकांसाठीही तशाच का वापरू नयेत? १९९० साली पीळदार तारेवरच्या इथरनेटचे मानक आले. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र तार मध्यवर्ती पेटीकडे, लांबी जास्तीत जास्त शंभर मीटर. न्यू हेवनच्या एक्स्चेंजची रचना शंभर वर्षांनी परत आली. एक वायर तुटली तर एकच खोली बंद पडते, घर चालू राहते.

पण मधली पेटी, तिला हब म्हणत, अजून अडाणी होती. एका दारातून आलेले ती बाकी सगळ्या दारांतून ओरडून सांगायची. आमच्या शाळेत नोटिशीची वही घेऊन शिपाई फिरायचा, विषय एका शिक्षकाचा असला तरी वही प्रत्येक वर्गात, आणि प्रत्येक वर्ग तेवढा वेळ थांबलेला. हबचे तसे होते.

स्विच म्हणजे वर्ग ओळखू लागलेला शिपाई. प्रत्येक यंत्राला जन्मतः एक अठ्ठेचाळीस बिटांचा क्रमांक असतो. कुठल्या दारातून कोणत्या क्रमांकाची चिठ्ठी आली हे स्विच पाहतो आणि आपल्या टिपणात लिहून ठेवतो. पुढे त्या क्रमांकासाठी चिठ्ठी आली की ती त्याच दाराकडे. क्रमांक अनोळखी असेल तेवढ्यापुरते सगळ्यांना विचारतो. बराच वेळ एखादा बोलला नाही तर त्याचे टिपण पुसूनही टाकतो, कारण यंत्र दुसऱ्या खोलीत गेलेले असू शकते. यामुळे एकाच वेळी चार जोड्या निवांत बोलू शकतात आणि एकाचे दुसऱ्याला ऐकू येत नाही.

ही ओळख ठेवण्याची युक्ती त्याआधी 'ब्रिज' नावाच्या यंत्रात होती. तिच्यात एक मोठा धोका होता. फिरून परत येणारी वाट तयार झाली तर चिठ्ठ्या गोल गोल फिरत राहतात आणि सारे जाळे गुदमरते. १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन या बाईंनी त्यावर तोड काढली. यंत्रांनी आपसांत बोलून जादा वाटा बंद ठेवायच्या, म्हणजे जाळ्याचे झाड होते, आणि झाडात गोल फिरता येत नाही. इतकी सरळ गोष्ट! जगातली असंख्य जाळी आजही या कल्पनेवर उभी आहेत.

आणि अनेक दारांचा पहिला व्यापारी इथरनेट स्विच १९९० साली आणणाऱ्या कंपनीचे नाव वाचून मी खुर्चीतून उठलेच. नाव 'कल्पना'! भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी ती अमेरिकेत स्थापली आणि भारद्वाज यांच्या पत्नीचे नाव तिला दिले. त्या पहिल्या स्विचला सात दारे होती. चिठ्ठी पूर्ण आत येईपर्यंत न थांबता, वरचा पत्ता वाचताच ती पुढे ढकलायची ही त्याची खासियत. १९९४ साली सिस्को कंपनीने कल्पना विकत घेतली आणि नाव बाजारातून गेले. घराघरांत लुकलुकणाऱ्या या पेट्यांच्या वंशावळीत एका बाईचे भारतीय नाव आहे, हे किती जणांना माहीत असेल?

आता मूळ प्रश्न, आमच्या घरासाठी कोणता घ्यायचा? इतिहास वाचल्यावर मला त्यात बोलण्याचा थोडा अधिकार आला असे वाटले. नातवानेही ऐकून घेतले, हा त्याचा मोठेपणा.

पहिली गोष्ट, पेटीपेक्षा भिंतीतली तार महत्त्वाची. पेटी पाच-सात वर्षांनी बदलता येते, तार भिंत फोडल्याशिवाय नाही. पीळदार तारेवर १९९० मध्ये सेकंदाला एक कोटी बिट जात होते, १९९५ च्या मानकात दहा कोटी, १९९९ च्या मानकात शंभर कोटी, म्हणजे गिगाबिट. तारेचा घाट तोच, बाहेरच्या पेट्या बदलत गेल्या. म्हणून तार कॅट-६, आणि आत पूर्ण तांबे. बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते, स्वस्त आणि हलकी. ती वाकवताना तुटते आणि तिच्यातून वीज पाठवली तर जास्त तापते. आम्ही बंडलाचे टोक खरवडून पाहिले. आत पांढरे दिसले तर परत करायचे, एवढी सोपी परीक्षा. आणि विजेच्या वायरीचा पाइप वेगळा, हिचा वेगळा.

दुसरी, दारांची संख्या. हॉलमध्ये टीव्हीपाशी एक, मुलाच्या टेबलापाशी एक, नातवाच्या खोलीत एक, मधल्या बोळात छताला वायफायच्या यंत्रासाठी एक, दारावरच्या कॅमेऱ्यासाठी एक. हे पाच. माझ्या खोलीतले दोन धरून सात. राउटरची एक तार मिळवली की आठ. नातू म्हणाला, "बरोबर आठ दारांचा पुरतो." मी म्हटले, पट भरलेल्या वर्गात जूनमध्ये एक तरी नवे मूल येतेच. म्हणून आठ अधिक दोन, दहा दारांचा ठरला.

तिसरी, तारेतूनच वीज. छतावरच्या यंत्राला आणि कॅमेऱ्याला जवळ प्लग नाही. २००३ सालच्या मानकापासून स्विच त्याच तारेतून वीजही पुरवू शकतो. इथे मला पुन्हा जुना फोन भेटला. लोडशेडिंगमध्ये घर अंधारात असले तरी फोन चालू असायचा, कारण त्याला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून तारेवाटेच अठ्ठेचाळीस व्होल्ट येत. आजच्या स्विचचा दाबही त्याच्याच आसपास! घ्यायचा तो मानकाप्रमाणे चालणारा, जो समोरचे यंत्र वीज घेणारे आहे ना हे आधी तपासतो आणि मगच सोडतो. न विचारता वीज सोडणाऱ्या स्वस्त पेट्या नकोत. हिशेबही सोपा. त्या पहिल्या मानकाप्रमाणे दर दाराला जास्तीत जास्त १५.४ वॅट, आमची दोन यंत्रे म्हणजे ३०.८. पेटीची एकूण क्षमता साठच्या वर असली की चिंता नाही. फक्त एक फसगत टाळायची. कॅमेऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेट्यांत ही दारे गिगाबिटची नसतात, दहा कोटींचीच असतात. खोक्यावरचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचावे.

चौथी, पंखा नसलेली आणि धातूच्या खोक्याची. पंखा आवाज करतो, धूळ ओढतो आणि एक दिवस बंद पडतो. आमची पेटी बोळातल्या कपाटाच्या वरच्या खणात, मागे हवेला जागा ठेवून. तिला आणि राउटरला मिळून एक लहान बॅटरी, म्हणजे वीज गेली तरी काही वेळ बोलणे चालू.

पाचवी, साधा की सूचना देता येणारा. सूचना देता येणाऱ्या स्विचमध्ये कोणत्या चिठ्ठीला आधी जाऊ द्यायचे हे ठरवता येते. शून्य ते सात अशा आठ पायऱ्या. म्हणजे ट्रंक कॉलचे वर्गच की! साधा, अर्जंट, लाइटनिंग. नातू म्हणाला, घरात एवढी गर्दी होत नाही, गिगाबिटला उगाच कशाला. तरी थोडे पैसे जास्त घालून आम्ही तसाच घेतला, मुख्यतः पर्लमनबाईंच्या युक्तीसाठी. साध्या स्विचमध्ये ती सहसा नसते, आणि सफाई करताना कुणी एकाच तारेची दोन्ही टोके त्याच पेटीत खोचली की सगळे घर बंद. आमच्या घरात सफाई मी करते.

राहिला नीटनेटकेपणा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावली आणि कोणते दार कुठल्या खोलीचे याचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. अक्षर माझे. भिंत बुजवण्याआधी नातवाने प्रत्येक झिरीचे फोटो काढून ठेवले, उद्या खिळा ठोकताना उपयोगी पडतील. जोडणीत आठही तारांचा रंगक्रम दोन्ही टोकांना सारखा हवा, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एक तार नीट बसली नाही तर स्विच तक्रार करत नाही, गुपचूप मंद चालतो. दिव्याचा रंग मात्र बदलतो. आमची एक जोडणी अशी सापडली आणि दादांनी पुन्हा करून दिली.

आता माझ्या खोलीवरच्या फुलीविषयी. तार करणारा तो भाऊ आज ब्याऐंशी वर्षांचा आहे, सोलापूरलाच असतो. दर रविवारी सकाळी आम्ही व्हिडिओवर बोलतो. त्याला ऐकू कमी येते. तो माझ्या ओठांकडे बघून अर्धे समजून घेतो. माझी खोली शेवटची, मध्ये विटांची जाड भिंत, तिथे वायफाय थकून पोहोचते. चित्र थिजते, आवाज तुटतो, आणि तो "काय? काय?" करत राहतो. मग दमून म्हणतो, "बरं आहे, ठेवतो." हे गेली दोन वर्षे चालले होते आणि मी ते त्याच्या कानांच्या खाती टाकत होते.

स्विचला यातले काही कळणार नाही. तो कुणाचा फोन पळवून नवऱ्याला देणार नाही, आणि "घरचा माणूस जातोय, दे ना मध्ये" असेही कुणाला सांगणार नाही. त्याच्या लेखी नातवाचा खेळ आणि माझा भाऊ सारखेच. त्या बाई होत्या तेव्हा मी बाकावर बसून वाट पाहिली तरी चालले, कुणीतरी माझ्या वतीने धडपडत होते. आता ती धडपड आपली आपण, गिलावा होण्याआधी, करून ठेवायची असते. म्हणून माझ्या खोलीत दोन पॉइंट घेतले, एक टेबलापाशी आणि एक पलंगापाशी. पुढे कधी टेबलापर्यंत जाणे झाले नाही तरी बोलता यावे.

पहिल्या रविवारी तारेवरून फोन लावला. सगळे काही सुरळीत झाले असे म्हणणार नाही. त्याच्याकडची बाजू त्याच्या घराची आणि मधला रस्ता कुणाकुणाचा, त्यावर माझा काय ताबा! एकदा चित्र थांबलेच. पण वीस मिनिटे बोललो, आणि त्याने एकदाही "काय?" विचारले नाही. शेवटी म्हणाला, "आज तुझा आवाज जवळून येतोय. कुठे आहेस?"

मी म्हटले, "घरीच आहे रे. माझ्या खोलीत."